सत्तर-तीस

"खाली घे," मी म्हणाले. "अजून खाली."

कॅफेवाल्यानं यादी खाली सरकवली. नाव, मार्क आणि शेवटच्या रकान्यात मिळालेलं कॉलेज. माझं नाव आम्हाला मघाशीच सापडलं होतं. त्याच्यापुढे कॉलेज नव्हतं, नुसती आडवी रेघ होती. मी त्याला खाली जायला लावत होते ते दुसऱ्याच एका नावासाठी.

"थांब. हे बघ."

निनाद हिरेमठ. मार्क माझ्यापेक्षा सत्तावीस कमी. पुढे लिहिलं होतं, बीडीएस, मुंबई.

खरं तर तिथंच रडायला हवं होतं. रडू नंतर आलं, भरपूर आलं. पण त्या घटकेला मला एवढंच कळेना की हे झालं कसं. मला लहानपणापासून ही खोड आहे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा बारीक अक्षरांचा कागदही मी शेवटपर्यंत वाचते. आई मला भोचक म्हणते आणि ते खरं आहे.

"चूक झाली असेल यादीत," मी म्हणाले.

कॅफेवाला माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल. आमच्या बार्शीतले सगळे फॉर्म तोच भरायचा, त्यामुळे अर्ध्या गावाचे मार्क त्याला पाठ होते. त्यानं माझ्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. मधे एक बारीक रकाना होता. माझ्या ओळीत तिथं 'एम' होता आणि निनादच्या ओळीत 'आर'.

"बारावी कुठून केली तू?"

"लातूरहून."

"मग बरोबर आहे. तू मराठवाड्याची."

"मी बार्शीची आहे. जन्मले इथं. रेशन कार्ड इथलं."

"रेशन कार्ड कोण विचारतंय? बारावी जिथून पास झालीस तो तुझा विभाग. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे 'आर', उर्वरित महाराष्ट्र, मुंबईसारखंच. लातूर मराठवाड्यात. ज्या विभागातलं कॉलेज, त्याच्या शंभरातल्या सत्तर जागा त्याच विभागातून बारावी केलेल्यांना. उरलेल्या तीस सगळ्या राज्याला. सत्तर-तीस म्हणतात त्याला. सरकारी कॉलेजं बहुतेक तिकडं मुंबईकडं. मराठवाड्यात सरकारी डेंटल एकच, औरंगाबादला, आणि रांगेत लातूरची सगळी हुशार पोरं. आता तूच बघ."

मी बघितलं. निनाद इथल्याच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या कॉलेजात शिकला होता. मी जास्त मार्क पडावेत म्हणून शंभर किलोमीटर लांब जाऊन दोन वर्षं मेसची पातळ आमटी खाल्ली होती. मार्क जास्त पडलेही होते. आणि त्यासाठी जिथं गेले, तिथं गेल्यामुळेच ते कमी पडले होते.

"अजून फेऱ्या आहेत की," तो म्हणाला. पण त्यानं माझ्याकडून प्रिंटचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून काय ते समजलं.

---

माझे बाबा, रमाकांत महामुनी, कवळ्या बनवायचे. आमचं घराणं सोनारकामाचं. आजोबांनी अंगठ्या केल्या, बाबांनी तेच मेण आणि तेच ओतकाम दातांकडे वळवलं. जिन्यावरच्या खोलीत त्यांची लॅब होती. गावातले डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, बाबा त्यावरून प्लास्टरचा जबडा करायचे आणि जबड्यावर दात बसवायचे. पेशंट त्यांना कधी दिसायचा नाही. मापाबरोबर यायची ती फक्त एक चिठ्ठी. तिच्यावर वय, दातांचा रंग आणि कधी पाहिजे ती तारीख एवढंच.

मी शाळेतून आले की जिन्यावर पळायची. ओळीनं मांडलेले जबडे बघायचे आणि कोणाचा कोण असेल ते ओळखायचं हा आमचा खेळ होता. "हा डावीकडनंच चावतो," बाबा म्हणायचे. "ही बाई दातात टाचण्या धरती. टेलरीण असणार." बरोबर निघालं की चूक, हे आम्हाला कधीच कळायचं नाही. कारण दात गेले की गेले. त्यांचं पुढं काय होतं, ते कोणाच्या तोंडात बसतात, तो माणूस आरशात बघून काय म्हणतो, ते फक्त डॉक्टरला दिसायचं. मला ते बघायचं होतं. लोक सेवा वगैरे म्हणतात, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला नुसतं बघायचं होतं, आणि त्यासाठी डेंटिस्ट व्हावं लागतं असं बाबांनी सांगितलं होतं.

दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा प्रश्न आला अकरावीचा. आमच्याकडे हुशार पोरगं म्हणजे लातूर, हे जवळजवळ ठरलेलंच. आईचं मत वेगळं होतं. "इथलं कॉलेज काय वाईट आहे? घरचं खाईल, घरी झोपेल." आठ दिवस दोघांची धुसफूस चालली. मग एका संध्याकाळी बाबा जिना उतरून आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब पण लातूरच म्हणायलेत." त्यावर आई गप्प झाली. डॉक्टरसाहेब म्हणजे डॉ. हिरेमठ. बाबांची निम्मी कामं त्यांच्याकडून यायची. त्यांचा निनाद माझ्याच वर्षाला होता. आईच्या दृष्टीनं दातांच्या बाबतीत डॉक्टर हिरेमठांच्या वर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक भरली.

त्या दोन वर्षांत निनाद बार्शीतच कसा राहिला, हा प्रश्न मला पडला होता. पण त्याचं नाव लातूरच्या यादीत लागलं नसेल, असं मी धरून चालले होते. थोडा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

---

यादी घेऊन घरी आले तेव्हा बाबा लॅबमध्येच होते. मी सत्तर-तीस समजावून सांगितलं. माझा आवाज बऱ्यापैकी ठीक होता. बाबा मेणाची सुरी हातात धरून ऐकत राहिले.

"पुढच्या फेरीत बघू," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आई मात्र पेटली. "म्हणजे त्या डॉक्टरला हे माहीत होतं! स्वतःच्या पोराला इथं ठेवलं आणि माझ्या पोरीला तिकडं धाडली. वा रे डॉक्टर."

"त्यांना काय माहीत असणार?" बाबा म्हणाले.

"डेंटलच्या डॉक्टरला डेंटलचं माहीत नसतं? मी जाते आणि विचारते."

"कुणी कुठं जायचं नाही," बाबा म्हणाले. ते घरात कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "माझं पोट आहे त्यांच्यावर. एक शब्द कुणी बोलायचा नाही."

मला ते पटलंही आणि नाहीही. पोटाचं पटलं. पण जो माणूस माझ्या मार्कांवर पेढे वाटायचा, तो माझं कॉलेज गेल्यावर कोणावरच चिडेना, हे मला विचित्र वाटलं. मी रात्रभर एकच प्रश्न उलटापालटा करत राहिले. डॉक्टरांना माहीत होतं का? माहीत नसेल तर ती चूक, चूक कोणाकडूनही होते. माहीत असेल तर मात्र त्यांनी मला ठरवून बाजूला केलं होतं. या दोन गोष्टींत मला फार फरक वाटत होता. सतरा वर्षांच्या मुलीला जागा गेल्याचं दुःख होतं त्याहून जास्त ती कोणी घेतली हे जाणून घ्यायचं असतं.

---

दुसऱ्या दिवशी हिरेमठांकडे एक कवळी पोचवायची होती. बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी डबी उचलली.

दवाखान्यात एकच पेशंट होती, साठीच्या पुढची, नऊवारीतली बाई. गाल आत गेलेले. डॉक्टरांनी डबी उघडली, कवळी धुतली, आणि मी निघत नाही हे पाहून म्हणाले, "अर्पिता, बघायचंय का?"

मी एवढी भांडायच्या तयारीनं आले होते, तरी पटकन हो म्हणाले. मी खुर्चीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनी आधी वरचे दात बसवले, मग खालचे. बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत भरून आला. गाल पुढे आले, ओठांना आधार मिळाला, आणि समोर एक वेगळीच, जरा करारी बाई बसलेली दिसली. बाबांनी हा जबडा पाहून "शांत बाई असणार" म्हटलं होतं. साफ चुकलं होतं.

"भाकरी खाता येईल का यानं?" हे तिचं पहिलं वाक्य.

"पंधरा दिवस भात खा. मग भाकरी."

"पंधरा दिवस कशाला? दात दिलेत ना?"

डॉक्टर हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला एकदम हुंदका आला. कारण हे मला हवं होतं आणि ते माझ्या हातून गेलं होतं, हे कालच्या यादीपेक्षा तिथं जास्त कळलं.

बाई गेल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढले. "यादी पाहिली मी," ते म्हणाले. "वाईट वाटलं."

"तुम्ही बाबांना लातूर का सांगितलंत?"

आधी आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणालं असं?"

"बाबा. अकरावीच्या वेळी. तुम्ही म्हणालात म्हणून आई तयार झाली."

ते बेसिनपाशी गेले, नळ सोडला, हात धुतले. आत्तापर्यंत मोजे घातलेले असूनही ते हात फार वेळ धुवत होते.

"हो," ते शेवटी म्हणाले. "मीच म्हणालो होतो. तिथला अभ्यास चांगला, म्हणून म्हणालो. माझ्याकडून गफलत झाली. ते विभागाचं माझ्या ध्यानात आलं नाही."

"आणि निनादला इथं ठेवलंत?"

"त्याला लातूरला मिळालं नाही."

झालं. भांडण संपलं होतं. समोरच्यानं कबूल केल्यावर पुढे काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं. ते म्हणाले, "तिसऱ्या फेरीपर्यंत फॉर्म मागे घेऊ नकोस. आणि रमाकांतला काही बोलू नकोस. त्याचा यात दोष नाही."

मी मान हलवली आणि बाहेर पडले. पायऱ्या चढताना मला वाटलं होतं की उत्तर मिळालं तर बरं वाटेल. उतरताना बरं काही वाटत नव्हतं.

---

निनाद खाली स्कूटर पुसत होता. मला पाहून त्याचा चेहरा चोरासारखा झाला. तो तसा भला मुलगा होता. मार्क कमी पडून जागा मिळाल्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"सॉरी," तो म्हणाला.

"तुला लातूरला मिळालं असतं तर तूही माझ्यासारखाच लटकला असतास. नशीब म्हणायचं."

"मिळालं होतं की."

"काय?"

"लातूरला. माझं नाव होतं यादीत, पार खाली, पण होतं. पप्पांनी जाऊ दिलं नाही. मी दोन दिवस जेवलो नाही घरात. सगळे मित्र चालले होते." त्यानं फडका पिळला. "पप्पा म्हणाले, तिकडून बारावी केलीस तर मुंबईच्या जागा विसर. तेच ते सत्तर-तीस."

"म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं."

"हो. त्यांच्या मित्राच्या मुलीचं आदल्या वर्षी तसंच झालं होतं ना."

"आणि तरी त्यांनी माझ्या बाबांना लातूर सांगितलं?"

निनादनं हातातला फडका खाली ठेवला. "नाही. उलट सांगितलं होतं. मी होतो तिथं. तुमच्या लॅबमध्ये आलो होतो आम्ही दोघं, तुझी आई बाहेर गेली होती. पप्पा म्हणाले, 'रमाकांत, पोरीला लातूरला पाठवू नकोस, हिचं नुकसान होईल.' सगळा नियम समजावून सांगितला. मी जबडे बघत बसलो होतो."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, बघतो साहेब."

निनाद बिचारा, आपण काहीतरी चुकीचं बोललो हे कळून, "पाणी आणू का?" म्हणून विचारत राहिला. मला आठवलं, डॉक्टर माझ्या आठवणीत कधी आमचा जिना चढले नव्हते. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी पाठवायचे, नाहीतर बाबांना बोलावून घ्यायचे. तो माणूस त्या एका दिवशी मुलाला घेऊन जिना चढून आला होता.

आणि आज त्यानं मला डोळ्यांत बघून सांगितलं होतं की मीच लातूर म्हणालो.

---

घरी गेले. आई खाली भाजी निवडत होती. मी सरळ वर गेले आणि लॅबचं दार लावून घेतलं.

"कवळी पोचवली," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं हुतं तुला?" बाबांचं डोकं कामातच होतं.

"डॉक्टर म्हणाले, लातूरचं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांची गफलत झाली म्हणाले."

बाबांचा हात थांबला. मला वाटतं, दुसरं काहीही ऐकायची त्यांची तयारी होती. मी रडत येईन, भांडेन, आई ओरडेल. पण हे ऐकायची नव्हती.

"असं म्हणाले?"

"असं म्हणाले. आणि निनाद म्हणाला, ते इथं आले होते. या खोलीत. नको म्हणून सांगायला."

बाबा स्टुलावर बसले. समोर कोणाचा तरी अर्धा जबडा मेणात होता. ते त्याच्याकडे बघत बोलायला लागले.

"तुला माहीत नाही, अर्पू. वीस वर्षं हा माणूस माझं काम परत पाठवायलाय. 'रमाकांत, चावा उंच झालाय. रमाकांत, रंग चुकलाय. पुन्हा कर.' दर वेळी त्याचंच बरोबर असतंय, ते पण खरं. मी करतो पुन्हा. पण त्या दिवशी ते आले आणि म्हणाले, पोरीला लातूरला पाठवू नको. मला वाटलं, पोरगी पण परतच पाठवायलेत. याच्या पोराचं नाव लागलं नसणार यादीत. आणि कवळ्या करणाऱ्याची पोरगी तिकडं जाऊन याच्या पोराच्या पुढं जाणार, ते याला बघवंना."

"पण त्यांनी नियम सांगितला होता."

"असा कुठं नियम असतोय व्हय? माणसाचं घर सोडून त्याचं कॉलेज बघायचं? मला वाटलं, मला घाबरवायला सांगायलेत."

"कोणाला विचारायचं तरी."

"कुणाला विचारू? विचारलं असतं तर हसले असते लोक. आणि मी आख्ख्या आळीत सांगून बसलो हुतो, माझी पोरगी लातूरला चालली म्हणून."

"आणि आईला?"

"तुझी आई कुणाचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकती. म्हणून त्यांचं नाव घेतलं."

तो संताप मला आजही आठवतो. बाबांच्या चुकीचा नव्हता तो, माणूस चुकतो. डॉक्टर येऊन काय सांगून गेले, हे माझ्या बाबतीतलं बोलणं होतं आणि ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी विचारलं असतं. मी सगळं विचारते. दोन तासांत मी त्या नियमाचा छडा लावला असता.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," मी म्हणाले. शब्द फार मोठा होता, पण मी तो वापरला.

बाबा उठले, जिना उतरले. मी वरून ऐकत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते आईला म्हणाले, "डॉक्टर नको म्हणाले हुते. लातूर मी ठरवलं. खोटं बोललो तुला." आई त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही. मी त्याहून जास्त.

---

तिसरी फेरीही गेली. माझ्या नावापुढची रेघ तशीच राहिली. पुन्हा परीक्षा देऊनही उपयोग नव्हता. मार्क बदलले असते, पण बारावी लातूरचीच राहिली असती, म्हणजे मीही मराठवाड्याचीच. खासगी कॉलेजचा विचार आमच्या घरात होत नव्हता. मी बार्शीतच बीएस्सी केलं, मग दातांच्या लॅबचा डिप्लोमा केला आणि जिन्यावरच्या खोलीत बाबांच्या शेजारी माझं टेबल लागलं. मला काम आवडतं. चांगलं येतं. निनाद आता वडिलांच्या दवाखान्यात बसतो आणि माझं काम क्वचितच परत पाठवतो. पण पेशंट मला अजून दिसत नाही, आणि ते मला अजून खुपतं. जबड्याकडे बघून तर्क करत बसते, खरं काय ते दुसऱ्यालाच कळतं.

डॉक्टर तेव्हा खोटं का बोलले, तेही मी त्यांना पुढे एकदा विचारलं. "तुला बापाबरोबर आयुष्य काढायचं होतं," ते म्हणाले. "माझ्याबरोबर नव्हतं."

बाबांनी मात्र एक नवीनच काम काढलं. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की ते चौकशा करायला लागायचे, कोणाच्या पोराला किती पडले, कोण लातूरला चाललंय. मग त्या घरी जायचे. ओळख असो-नसो. एकदा तर एसटी स्टँडवर एक बाप मुलीची ट्रंक टपावर चढवत होता, त्याला त्यांनी खाली उतरवलं. "डेंटलला नाहीतर मेडिकलला जायचंय का? मग आधी माझं ऐका. माझ्या पोरीचं मी असं असं नुकसान केलं." सगळं सांगायचे. डॉक्टर जिना चढून आले ते, आपण विश्वास ठेवला नाही ते, बायकोशी खोटं बोललो ते. एक शब्द वगळायचे नाहीत. लोक नंतर आपणहून यायला लागले. 'लातूरवाले महामुनी' कुठं राहतात, असं विचारत.

ते लोक यायचे तेव्हा मी शेजारच्या टेबलावर कवळीचे दात घासत बसलेली असायची. "ही बघा," बाबा म्हणायचे. "हिच्या बाबतीत झालं." लोक माझ्याकडे बघायचे, आजारी माणसाकडे बघतात तसे. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी काही वाटोळं झालेली बाई नव्हते. माझी लॅब चालत होती. पण त्या सांगण्यानं सात-आठ मुलं तरी इकडेच थांबली आणि त्यातल्या दोघींना पुढे मुंबई-पुण्याला जागा मिळाल्या, त्यामुळे मला बोलताही येत नव्हतं.

मग कोरोनाचं वर्ष आलं. दवाखाने बंद, कामं बंद. सप्टेंबरात थोडंफार सुरू झालं होतं. मी मोबाईल बघत होते आणि बातमी दिसली.

"बाबा, सत्तर-तीस रद्द झालं."

"म्हणजे?"

"सरकारनं नियमच काढून टाकला. आता सगळ्या राज्याची एकच यादी. बारावी कुठूनही करा."

त्यांनी माझ्याकडून मोबाईल घेतला. चष्मा कपाळावर चढवून ती बातमी अगदी डोळ्यांजवळ धरून वाचली. दोनदा वाचली.

"म्हणजे आता लातूरला गेलं तरी चालतंय."

"चालतंय."

"आता तू असतीस तर मिळालं असतं."

"कदाचित."

त्यांनी मोबाईल परत दिला. मशीन सुरू करायला हात पुढे नेला आणि तसाच ठेवला. एकदम म्हातारे दिसले ते मला.

"मग आता मी लोकांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

हा माणूस माझ्याबद्दल लोकांना सांगायचं कधी थांबेल, याची मी कितीतरी वर्षं वाट पाहत होते. ते सांगणं मला तोंडपाठ झालं होतं, कुठं थांबतात आणि कुठं आवंढा गिळतात तेसुद्धा. आणि आता ते संपलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे त्यांनी आईला सांगितलं, आळीला सांगितलं, स्टँडवरच्या परक्या माणसाला सांगितलं. मला मात्र त्या दिवशी नुसती कारणं सांगितली होती, माझं चुकलं असं एकदाही नाही. मी नेहमी शेजारच्या टेबलावर असायचे.

"लोकांना सांगून झालं, बाबा," मी म्हणाले. "मला सांगा."

मग त्यांनी स्टूल माझ्याकडे वळवलं.

"डॉक्टर येऊन गेले त्या दिवशी तू खाली मागच्या अंगणात हुतीस," ते म्हणाले. "दहा पायऱ्या. हाक मारली असती तर आली असतीस. तुला विचारायला पाहिजे हुतं, अर्पू."